सायकलचे वजन जिन्यात मोजावे



गोदाकाठी थंडी उतरू लागली की नाशिकच्या रस्त्यांवर पहाटे सायकली दिसू लागतात. गंगापूर रस्त्याने सोमेश्वरकडे, त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या दिशेने, मुंबई महामार्गाने पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, असे हेल्मेट घातलेल्या मंडळींचे लहानमोठे गट निघालेले असतात. त्याच सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, सायकल घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?" विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीतले असतात. कोणाची साखर सीमारेषेवर आलेली असते, कोणाचे गुडघे चालताना कुरकुरतात, कोणाला रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेली असते. सायकल हा या साऱ्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. शरीराचा बराचसा भार सीटवर पडत असल्याने गुडघ्यांना आराम मिळतो आणि हृदयाला मात्र पुरेसे काम मिळते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्ध्या तासाची सायकलफेरी आठवड्यातून पाच दिवस झाली, तरी यातली खालची मर्यादा गाठता येते.

प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मी एक उलट प्रश्न विचारते : "सायकल ठेवणार कुठे?" यावर बहुतेक जण क्षणभर गोंधळतात. गिअर किती असावेत, टायर जाड असावा की बारीक, याचा विचार ते करून आलेले असतात. परंतु घरापासून रस्त्यापर्यंत सायकल कशी यायची, याचा विचार सहसा झालेला नसतो. माझ्या अनुभवात सायकली बंद पडतात त्या इथेच. रस्ता खराब म्हणून सोडून देणाऱ्यांपेक्षा जिना नको म्हणून सोडून देणारे मला अधिक भेटले आहेत. म्हणून आजच्या लेखात सायकलच्या वजनाविषयी आणि ती उचलून नेण्याविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे.

घर वर गेले, सायकल जड झाली

आपल्या वडिलांच्या पिढीची काळी, दांडीची सायकल आठवून पाहा. तिचे वजन २० किलोच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असे. त्या सायकलीवरून माणसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीला जात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जात, मागे कॅरियरवर धान्याचे पोते बांधून आणीत. त्यांच्यापैकी कोणी सायकल जड असल्याची तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कारण ती सायकल कोणी उचलतच नसे. वाड्याच्या अंगणात, ओसरीवर, बोळात, चाळीच्या पडवीत तिची जागा ठरलेली असे. फार तर एक-दोन पायऱ्यांवरून पुढचे चाक उचलून ती आत घेतली जाई. परगावी न्यायचीच झाली, तर एस.टी.च्या टपावर चढविण्यासाठी वर एक आणि खाली एक असे दोन हात असत.

आता आपली घरे वर गेली आहेत. शहराच्या जुन्या वसाहतींत तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत. खालचे पार्किंग चारचाकींनी आणि दुचाकींनी भरलेले असते. महागाची सायकल तिथे ठेवण्याची धास्ती वाटते आणि ती वर घरात आणावी लागते. लिफ्ट असली तरी ती अनेक ठिकाणी इतकी लहान असते की सायकल आडवी मावत नाही. थोडक्यात, वडिलांच्या सायकलीपेक्षा आपली सायकल चार-पाच किलोंनी हलकी असूनही आपल्याला ती जड वाटते, कारण ती आपल्याला वाहावी लागते.

शर्यतीची सायकल आणि घरची सायकल

हलक्या सायकलीचे आकर्षण आपल्या शहरात वाढले, त्यामागे अभिमानाचे कारण आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पार केली. ही सारी मंडळी वैद्यकीय व्यवसायातली, याचा आम्हा डॉक्टरांना विशेष आनंद आहे. त्यांच्याकडे पाहून अनेक नाशिककरांनी सायकल हाती घेतली.

परंतु शर्यतीचे गणित आणि घरचे गणित यांत फरक आहे. जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये. म्हणजे तिथे वजन खाली आणण्याची इतकी चढाओढ आहे की त्यास मर्यादा घालावी लागली. दिवसाला शेकडो किलोमीटर जाणाऱ्याला आणि घाटामागून घाट चढणाऱ्याला काही ग्रॅमही महत्त्वाचे वाटतात, ते योग्यच आहे. आणि अमेरिकेसारख्या त्या लांब शर्यतीत स्पर्धकाच्या दिमतीला गाडी आणि सहायकांचा चमू असतो. सायकल उतरविणे, चढविणे, दुरुस्त करणे ही कामे तो चमू करतो. आपल्या दिमतीला असा कोणी नसतो. आपली सायकल आपणच उचलायची असते, तीही सकाळी साडेपाचला, अर्धवट झोपेत, शेजाऱ्यांची झोप न मोडता. म्हणून शर्यतीच्या सायकलचे वजन रस्त्यावर मोजतात, घरच्या सायकलचे मात्र जिन्यात मोजावे.

रस्त्यावर किती फरक पडतो?

थोडे गणित करू. स्वाराचे वजन ७० किलो आणि सायकल १७ किलोची असेल, तर पायांना एकूण ८७ किलो पुढे न्यायचे असतात. सायकल १२ किलोची घेतली, तर एकूण ८२ किलो. पाच किलो कमी झाले, पण एकुणात हा फरक सहा टक्क्यांच्याही आत आहे. चढावर तेवढाच फरक जाणवेल. सपाट रस्त्यावर सावकाश फेरीत तो जाणवणारही नाही, कारण तिथे मुख्य विरोध वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा असतो. टायरमध्ये हवा कमी असेल, तर बारा किलोची सायकलही रेड्यासारखी ओढावी लागते. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाचे आकडे छापलेले असतात, त्या मर्यादेत हवा ठेवणे हा वेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता तीच सायकल जिन्यात आणा. इथे आपले ७० किलो आपण रोजच उचलतो, त्यांची सवय आहे. नवा भार सायकलचा आणि तो पूर्णपणे हाताखांद्यावर. १७ किलोंऐवजी १२ किलो उचलायचे असतील, तर हा भार जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे तेच पाच किलो रस्त्यावर सहा टक्क्यांचे आणि जिन्यात तीस टक्क्यांचे. सायकल घेताना पैसे कशासाठी मोजायचे, हे या एका हिशेबाने ठरविता येते.

पाठीचे गणित

वजन उचलण्याबाबत अमेरिकेतील 'नायॉश' या व्यवसायजन्य आरोग्याच्या संस्थेचे एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यात सर्व परिस्थिती आदर्श असताना, म्हणजे ओझे शरीराजवळ, दोन्ही हातांत नीट पकडलेले, कंबर न वळवता उचललेले असताना, २३ किलो ही कमाल मर्यादा धरली आहे. ओझे शरीरापासून दूर गेले, पकड वाईट असली किंवा कंबर पिळली गेली की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. सायकलमध्ये या सगळ्या गैरसोयी एकत्र येतात. ती लांब असते, तिचे हँडल वळते, पेडल नडगीला लागते, वजन एकाच बाजूस असते आणि जिन्याच्या वळणावर कंबर हमखास पिळली जाते.

माझ्या माहितीतील एक शिक्षिका लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय बावन्न, मधुमेहाची नुकतीच सुरुवात. मुलांनी कौतुकाने त्यांना पुढे स्प्रिंगचे सस्पेन्शन असलेली, जाड टायरची, भक्कम सायकल वाढदिवसाला दिली. सुमारे १७ किलोंची. पहिले पंधरा दिवस मोठ्या उत्साहाचे गेले. मग वॉचमनला हाक मारून सायकल उतरविणे सुरू झाले. त्याला रोज त्रास देण्याचा संकोच वाटू लागला, तेव्हा आठवड्यातून दोनच फेऱ्या उरल्या. एके दिवशी स्वतःच वर आणताना वळणावर कंबरेत चमक भरली. त्यानंतर सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी वाढलेली आढळली. "मुलांना काय सांगू, डॉक्टर? त्यांना वाटेल आईला हौसच नाही," असे त्या म्हणाल्या.

त्यांना हौस होती. सायकल चुकीच्या ठिकाणासाठी घेतलेली होती, इतकेच. कंबर बरी झाल्यावर त्यांनी ती सायकल बंगल्यात राहणाऱ्या भाच्याला दिली आणि स्वतःसाठी सस्पेन्शन नसलेली, अ‍ॅल्युमिनियमची, १२ किलोंच्या आसपासची सायकल घेतली. ती घेण्यापूर्वी दुकानाच्या दोन पायऱ्या त्यांनी ती उचलून चढून पाहिली. दुकानदाराला ते चमत्कारिक वाटले असेल. मला मात्र ती खरी चाचणी वाटते.

काही जणांनी सायकल उचलण्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. हर्निया असलेले, पोटाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, सिझेरियननंतर सावरत असलेल्या माता, गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि हाडे ठिसूळ झालेली ज्येष्ठ मंडळी यांचा त्यात समावेश होतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणात वाढतो, हे हृदयविकार असणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा विकार अधिक आढळतो. अशा खांद्यावर सायकल घेऊ नये. कंबरेतील चमक दोन-चार दिवसांत उतरू लागते. परंतु वेदना पायात खाली उतरत असेल, पायाला बधिरता किंवा अशक्तपणा आला असेल, तर तपासून घ्यावे. लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

वजन कोठे दडलेले असते?

दुकानातल्या कागदावर सायकलचे वजन बहुधा नसते, आणि असले तरी ते स्टँड, कॅरियर, मडगार्ड यांच्याविना दिलेले असू शकते. म्हणून घरच्या वजनकाट्याचा उपयोग करावा. काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग सायकल उचलून उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे सायकलचे वजन. प्रवासी बॅगा तोलण्याचा अडकवायचा छोटा काटा असेल, तर तो खिशात घालून दुकानात न्यावा.

ढोबळ अंदाज असे : जुन्या पद्धतीची लोखंडी सायकल २० किलोंच्या आसपास, सस्पेन्शनची, जाड टायरची स्वस्त सायकल १६ ते १८ किलो, शहरी वापराची अ‍ॅल्युमिनियमची सायकल १२ ते १४ किलो, बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल ९ ते ११ किलो, आणि कार्बनच्या सांगाड्याची ७ ते ९ किलो. पोलादापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची घनता सुमारे एक तृतीयांश असते. त्याच्या नळ्या जाड कराव्या लागत असल्याने सायकल तितक्या प्रमाणात हलकी होत नाही, तरी फरक पुरेसा पडतो. सांगाडा कशाचा आहे याची शंका असेल, तर फ्रिजवरचे चुंबक लावून पाहावे. पोलादाला ते चिकटते, अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. अर्थात चांगल्या प्रतीच्या मिश्रधातूची पोलादी सायकलही बरीच हलकी असू शकते. म्हणून चुंबकाने धातू ओळखावा आणि वजन मात्र काट्यानेच ठरवावे.

सर्वांत मोठा अनावश्यक भार बहुतेकदा पुढच्या सस्पेन्शनचा असतो. स्वस्त स्प्रिंगचे सस्पेन्शन साध्या फोर्कपेक्षा एक-दीड किलोने सहज जड असते. डांबरी रस्त्यावरच्या फेरीला त्याची गरज नसते. खड्ड्यांचे धक्के किंचित रुंद टायरही सोसतात. त्यानंतर येतात लोखंडी रिमा, जाड सीट, लोखंडी कॅरियर आणि जड कुलूप. साखळीचे भक्कम कुलूप किलोभराचे असते; ते रोज वरखाली न नेता खालच्या कड्यालाच अडकवून ठेवावे. पाण्याची भरलेली बाटली म्हणजे पाऊण किलो. ती हातात किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्यावी.

पैशांचाही विचार करू. १७ किलोंवरून १३ किलोंवर येण्यास काही हजार रुपये जास्त पडतात. १० किलोंवरून ८ किलोंवर येण्यास त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. पहिला खर्च आपल्या पाठीसाठी आहे, तो अवश्य करावा. दुसरा हौसेसाठी आहे. त्यात वाईट काही नाही, पण तो आरोग्याच्या खात्यावर टाकू नये. वाचलेल्या पैशांत चांगले हेल्मेट आणि पुढचे-मागचे दिवे घ्यावेत.

विजेवर चालणाऱ्या सायकलींविषयी ज्येष्ठ वाचक विचारतात. चढावर त्या फार उपयोगी आहेत. परंतु मोटर आणि बॅटरीमुळे त्यांचे वजन बहुधा १८ ते २५ किलो असते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी किंवा मोठी लिफ्ट असणाऱ्यांनीच तिचा विचार करावा. बॅटरी काढता येणारी असावी, म्हणजे दोन-तीन किलो वेगळे वर नेता येतात आणि घरात चार्जही करता येतात.

हलकी आणि घडीची : दोन वेगळ्या गोष्टी

घडी होते म्हणजे ती हलकीच असणार, असा एक समज आहे. तो तपासून घ्यावा. घडीला बिजागरी लागते, बिजागरीला मजबुती लागते आणि मजबुतीला धातू लागतो. २० इंची चाकांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घडीच्या सायकली बहुधा १२ ते १४ किलोंच्या असतात. पोलादी तर त्याहून जड. घडीमुळे वजन कमी होत नाही. जागा कमी लागते. म्हणून आपली अडचण उचलण्याची आहे की मावण्याची, हे आधी ठरवावे. लिफ्ट लहान असेल, गाडीच्या डिकीत न्यायची असेल, कार्यालयात टेबलाखाली ठेवायची असेल, तर घडीची सायकल वरदान आहे. नुसताच तीन मजल्यांचा जिना असेल, तर साध्या सांगाड्याची हलकी सायकल बरी, कारण ती खांद्यावर बसते. घडी केलेले ओझे मात्र हातात लोंबकळते.

नाशिकहून मुंबईस नियमित जाणारे वाचक विचारतात, पंचवटी एक्सप्रेसमध्ये घडीची सायकल नेता येईल का? रेल्वेच्या नियमांत डब्यात नेण्याच्या पेटीचे माप साधारणपणे १०० × ६० × २५ सेंटिमीटर असे आहे. वातानुकूलित चेअर कारसाठी ते ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतके लहान आहे. लंडनची प्रसिद्ध 'ब्रॉम्प्टन' सायकल घडीसाठीच नावाजलेली. तिचीही घडी सुमारे २७ सेंटिमीटर जाड होते. २० इंची चाकांची घडी त्याहून मोठी असते. शिवाय मोफत सामानाच्या सवलतीत सायकल धरली जात नाही. म्हणून 'घडी होते, नेऊ कशीही' या भरवशावर सायकल घेऊ नये. स्थानकावरील पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून, भाडे भरून ती लगेजच्या डब्यातून नेणे हा राजमार्ग. रोजच्या प्रवाशाला ते परवडणारे नाही; त्याने नाशिकरोडला स्थानकाजवळच्या सशुल्क तळावर साधीशी सायकल लावून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

मोटारीतून सायकल नेणाऱ्यांनी चाक एका झटक्यात निघते का, हे घेतानाच पाहावे. पकडीचा खटका फिरवून निघणारे पुढचे चाक असले, की मागच्या सीटवर चादर अंथरून सायकल आत मावू शकते. टपावरच्या कॅरियरवर सायकल चढवायची म्हणजे ती डोक्याच्या उंचीवर उचलावी लागते. कंबरेचे आणि खांद्याचे दुखणे असणाऱ्यांनी डिकीच्या मागे, कमरेच्या उंचीवर लागणारा कॅरियर निवडावा आणि गाडीचा नंबर व मागचे दिवे झाकले जाणार नाहीत, हे पाहावे.

मुलांची सायकल

वजनाचा प्रश्न मोठ्यांपेक्षा लहानांना अधिक छळतो, याकडे आपले लक्ष नसते. सात वर्षांच्या मुलाचे वजन साधारण २० ते २२ किलो असते. त्याला दिलेली लोखंडी सायकल, बाजूची आधाराची चाके, जाड टायर आणि शोभेची टोपली धरून १२ किलोंची सहज भरते. म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. ७० किलोंच्या बाबांनी चाळीस किलोंची सायकल चालविण्यासारखे हे आहे. अशा वेळी मूल "मला नाही येत" म्हणते आणि आपण त्याला भित्रे ठरवितो.

त्यात आपली एक जुनी सवय भर घालते : "वाढतं वय आहे, दोन वर्षं पुरेल अशी मोठीच घेऊ." मोठी सायकल म्हणजे जड सायकल, आणि पाय न टेकणारी सायकल. मुलाची सायकल त्याच्या आजच्या उंचीची असावी. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकावेत. दुकानात सायकल आडवी पाडावी आणि मुलाला ती एकट्याने उभी करायला सांगावी. जी सायकल मूल स्वतः उभी करू शकते, ती त्याची. शेजारच्या मोठ्या झालेल्या मुलाची लहान, हलकी सायकल मिळाली, तर ती आनंदाने घ्यावी. त्यात कमीपणा मानू नये.

उचलताना

सायकल कितीही हलकी असली, तरी ती उचलण्याची रीत आहे. सायकलच्या डाव्या बाजूस उभे राहावे, म्हणजे चेन आपल्यापासून दूर राहते आणि कपडेही काळे होत नाहीत. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, दांडीची सायकल असेल तर आडवी दांडी उजव्या खांद्यावर घ्यावी. खांद्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवावा. उजवा हात पुढून नेऊन हँडल किंवा खालची नळी धरावी, म्हणजे पुढचे चाक भिरभिरत नाही. डावा हात कठड्यासाठी मोकळा राहतो, आणि तो मोकळा राहणे फार महत्त्वाचे आहे. जिन्यातून पडून हाड मोडण्याचा धोका कंबरेच्या चमकेपेक्षा गंभीर आहे. चढताना श्वास रोखू नये. प्रत्येक मजल्याच्या सपाटीवर सायकल टेकवून दोन श्वास घ्यावेत. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या असतील, तर घाई नको.

बिनदांडीची सायकल चढउतरायला सोपी असल्याने ज्येष्ठांना आणि साडी नेसणाऱ्या भगिनींना सोयीची. पण ती खांद्यावर बसत नाही. ती सीटखालच्या नळीला धरून हातानेच उचलावी लागते. म्हणून जिना चढायचा असेल, तर अशी सायकल घेताना वजनाबाबत अधिक काटेकोर राहावे. लहान लिफ्टमध्ये मागचा ब्रेक आवळून सायकल मागच्या चाकावर उभी करावी. चाक घसरत नाही आणि उचलावीही लागत नाही.

न उचलण्याचा उपाय

एवढे सांगितल्यावर शेवटी सर्वांत हलक्या सायकलविषयी सांगते. जी उचलावीच लागत नाही, ती सर्वांत हलकी. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडून पाहा. पार्किंगमधली एका मोटारीची जागा किंवा जिन्याखालचा कोपरा, भिंतीत बसविलेली चार-सहा लोखंडी कडी, वर पावसाचा शिंतोडा न येईल असा पत्रा आणि एक दिवा. इतक्या सामानात सहा-आठ कुटुंबांच्या सायकली खाली राहू शकतात. प्रत्येकाने आपले कुलूप त्या कड्याला अडकवून ठेवावे. रंगकामाच्या एका हप्त्यापेक्षा कमी खर्चात हे होते, आणि इमारतीतल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांचा जिना वाचतो. ज्यांच्या इमारतीत हे शक्य आहे, त्यांनी महागड्या हलक्या सायकलीकडे जाण्यापूर्वी हा मार्ग धरावा.

ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी एका कागदावर लिहाव्यात : सायकल दिवसातून किती वेळा उचलावी लागेल, किती पायऱ्या, आणि ती कोण उचलणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "मुलगा" किंवा "वॉचमन" असेल, तर पुन्हा विचार करावा. ज्या दिवशी मुलगा परगावी आणि वॉचमन रजेवर असेल, त्या दिवशीही आपली फेरी व्हायला हवी. सायकल ज्याच्या आरोग्यासाठी घ्यावयाची, त्याला ती एकट्याने, हसतमुखाने दाराबाहेर काढता आली पाहिजे.

घरात एखादी सायकल कपडे वाळविण्यासाठी उभी असेल, तर येत्या रविवारी तिचे वजन करा. आकडा पाहून कदाचित आपल्याला आपल्या आळसावर रागावण्याचे कारण उरणार नाही. मग ती सायकल तिची खरी जागा जिथे असेल तिथे, तळमजल्यावरच्या कोणाकडे, आनंदाने पाठवून द्या, आणि आपल्या जिन्याला झेपेल अशी दुसरी आणा. थंडीचे अजून बरेच दिवस शिल्लक आहेत.